मार्ग आहेत, सांधा नाही

एखादे कुटुंब घर सोडून जाते, पण दारावरची पाटी तशीच राहते. पोस्टमन पुढची काही वर्षे त्याच पत्त्यावर पत्रे टाकत राहतो. पुण्याच्या दारावर ‘सायकलींचे शहर’ ही पाटी अशीच राहून गेली आहे. १९७२ साली लूना आली, त्याच वर्षी बजाजची चेतक आली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सायकलस्वार ती पाटी तिथेच टाकून एकेक करून निघून गेले. सायकलचा बिल्ला, डायनामोचा दिवा, तासाच्या भाड्याची सायकल, डबलसीट दिसली की शिट्टी फुंकणारा हवालदार, यांच्या गोष्टी सांगणारी माझ्या वयाची माणसे अजून पुष्कळ आहेत. फक्त त्या गोष्टी सांगायला ती स्कूटरवरून येतात.

त्या आठवणी उगाळण्यासाठी मी आज लिहायला बसलेलो नाही. निवृत्तीनंतर मी पुन्हा सायकलवर बसलो. निमित्त गुडघ्यांचे होते. पण गुडघे सुधारले तरी सायकल सुटली नाही. आणि या काही वर्षांत शहर सायकलच्या उंचीवरून पाहताना माझे एक मत पक्के होत गेले. आपल्याकडे सायकलमार्ग कमी आहेत, हा झाला दुसरा प्रश्न. जे आहेत ते एकमेकांना भेटत नाहीत, हा पहिला.

मार्गच नाहीत, अशी तक्रार करायला खरे म्हणजे जागा नाही. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या पट्ट्यावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा सातारा रस्त्याच्या आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने सायकलींचे पट्टेही आखले गेले. केंद्र सरकारचे नागरी वाहतूक धोरण त्याच वर्षीचे. वाहने हलवायची नसून माणसे हलवायची आहेत, हा त्यातला मुख्य विचार. पुढे गणेशखिंड रस्ता, पौड रस्ता अशा ठिकाणी तुकडे झाले. जंगली महाराज रस्ता नव्याने बांधला तेव्हा रुंद पदपथाबरोबर सायकललाही थोडी जागा मिळाली. २०१७ च्या डिसेंबरात तर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने ८२४ किलोमीटरच्या सायकलमार्गांचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. आठशे चोवीस किलोमीटर! पुण्याहून सायकलने नागपूरला जाऊन वर उरेल इतके अंतर झाले हे.

पण आज जे तुकडे प्रत्यक्ष जमिनीवर आहेत, त्यांच्यावरून एक दिवस जाऊन पाहा. शिंप्याच्या दुकानात कापून उरलेल्या कापडासारखे ते इकडे-तिकडे पडलेले आहेत. रंग सुरेख, पोत चांगला, पण सदरा होत नाही. मार्ग सुरू होतो तो चौक संपल्यावर, आणि संपतो तो पुढच्या चौकाच्या अलीकडे. रस्ता सरळ आणि रुंद आहे, म्हणजे मुळातच जिथे धोका थोडा कमी, तिथे फरशी, पांढरा पट्टा, सायकलचे चित्र. आणि जिथे चार बाजूंनी गाड्या अंगावर येतात, उड्डाणपुलाचा उतार रस्त्यात शिरतो, बस डावीकडे कलते, तिथे चित्रातली ती सायकल गुप्त होते. पोहायला शिकवणाऱ्याने उथळ पाण्यात हात धरावा आणि डोहाशी आल्यावर सोडून द्यावा, तशातला हा प्रकार.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली काही वर्षे शाखा-शाखांमधल्या हिशेबांचा मेळ घालण्यात गेली. संगणक टेबलावर यायच्या आधीचा तो काळ. एका गावच्या शाखेने ड्राफ्ट काढला, तो दुसऱ्या गावच्या शाखेत वटला, तर दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना भेटायला हव्यात. भेटल्या नाहीत की ती रक्कम सस्पेन्समध्ये, म्हणजे उचंत खात्यात, जाऊन बसे. पैसा गेलेला असे, कागद असे, सही-शिक्का असे, पण ती रक्कम कोणाच्याच उपयोगाची नसे. वर्षअखेरीला साहेब एकच प्रश्न विचारत, ‘उचंत किती?’ शाखा किती उघडल्या हे कोणी विचारत नसे. सायकलमार्गांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. किती किलोमीटर झाले ते मोजतो. त्यातले उचंत किती, हे विचारत नाही.

किंमत कोण देतो?

हा प्रश्न हौशी सायकलस्वारांचा नाही. रविवारी पहाटे हेल्मेट चढवून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्या मंडळींना मार्ग असला काय, नसला काय; त्यांच्या मांड्यांत बळ आहे आणि पहाटे रस्ते रिकामे असतात. किंमत देतात ती दुसरीच माणसे.

आमच्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन कात्रजच्या बाजूने एरंडवण्यात सायकलने येतो. येताना संध्याकाळची गर्दी, जाताना सकाळची. सातारा रस्त्याचा पट्टा त्याला स्वारगेटच्या आसपास आणून सोडतो. तिथून पुढे शहराने त्याच्यासाठी काहीही केलेले नाही. त्याला नवी सायकल नको आहे, भाषण नको आहे, ‘सायकल दिन’ तर मुळीच नको आहे. सायकल ही त्याची आवड नाही. महिन्याच्या पगारातून बसचे किंवा पेट्रोलचे पैसे वाचवण्याचा तो मार्ग आहे. अशी हजारो माणसे या शहरात अंधारात, दिव्याविना, रस्त्याच्या कडेने जात असतात आणि सायकलस्वारांची चर्चा करताना आपल्याला त्यांची आठवणही होत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या मजल्यावरचेच. आठवीतली मुलगी. शाळा सदाशिव पेठेत, पेरू गेटाच्या जवळ. अंतर तीन किलोमीटर असेल-नसेल. तिची आई तिला रोज स्कूटरवरून सोडते आणि आणते, म्हणजे जाऊन-येऊन चार खेपा. मी एकदा म्हटले, ‘अगं, सायकल आहे की तिच्याकडे.’ त्यावर ती म्हणाली, ‘काका, अंतराचं काही नाही हो. पण डेक्कनच्या चौकातून तिला एकटी कशी पाठवू?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या आईचे काही चुकत नव्हते. तीन किलोमीटरांतला जवळजवळ सगळा रस्ता तिला चालणार होता. अडत होते ते चारशे-पाचशे पावलांपाशी.

आता याचा गुणाकार करून पाहा. अशा प्रत्येक चारशे पावलांपाशी किती आया स्कूटरला किक मारतात? शाळेच्या दारात दुपारी जी कोंडी होते, त्या कोंडीतली निम्मी वाहने कोंडीच्या भीतीने आलेली असतात. आणि त्या मुलीचे काय? तिच्या आजीच्या वेळी मुलीला सायकल मिळाली की अख्खे गाव तिचे होत असे. ही मुलगी अठरा वर्षांची होऊन लायसन्स मिळेपर्यंत कुठेही स्वतःची स्वतः जाणार नाही. मैत्रिणीकडे, वाचनालयात, क्लासला, सगळीकडे कोणीतरी नेऊन सोडणार. स्वतःच्या पायावर उभे राहा, असे आपण मुलींना उठता-बसता सांगतो; पण त्या पायांनी जायला वाट देत नाही. माझ्या दृष्टीने सायकलमार्गाच्या प्रश्नात पणाला लागले आहे ते हे. प्रदूषण, पेट्रोल, आरोग्य हे सगळे आहेच. पण त्याच्या आधी ही मुलगी आहे.

डेल्फ्टचा धडा

सायकलीच्या गोष्टीत हॉलंडचे नाव आले की वाचक सुस्कारा टाकतात, हे मला ठाऊक आहे. ‘त्यांचं काय, त्यांच्या रक्तातच सायकल.’ पण हे खरे नाही. युद्धानंतर तिथेही मोटारीच आल्या. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची ही हत्या थांबवा’ असेच त्या चळवळीचे नाव होते. १९७३ च्या तेलटंचाईने तिला आणखी बळ दिले.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे, जे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सरकार जागे झाले, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने द हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक नमुनेदार सायकलमार्ग बांधला. उत्तम, रुंद, खर्चिक. लोकांना तो आवडला. आजूबाजूच्या रस्त्यांवरून जाणारे सायकलस्वार त्या मार्गावर आले. पण शहरात सायकलने जाणाऱ्यांची एकूण संख्या अपेक्षेइतकी वाढली नाही. कारण उघड होते. माणसाचे घर त्या मार्गावर नसते आणि कचेरीही नसते. मार्ग कितीही देखणा असला, तरी तिथवर पोचायचे कसे आणि तिथून पुढे जायचे कसे, हे दोन प्रश्न शिल्लकच राहतात.

मग डेल्फ्ट या लहान शहराने १९७९ साली वेगळी योजना आखली. तिथे त्यांनी एखादा राजमार्ग बांधला नाही, जाळे विणले. साऱ्या शहरासाठी सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने जाणाऱ्या मुख्य वाटा, त्यांच्या आत वस्तीसाठी दोन-तीनशे मीटरवरच्या मधल्या वाटा, आणि अगदी दारापर्यंत येणाऱ्या गल्ल्या. बहुतेक वाटा आधीपासून होत्याच. काम होते ते सांध्यांचे: इथे कालव्यावर एक छोटा पूल, तिथे रेल्वेखालून एक बोगदा, कुठे बंद गल्लीचे तोंड उघडणे, कुठे एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जाण्याची मुभा. सायकलीचा वाटा वाढला, आणि ‘जाळे’ हा शब्द तिथल्या नियोजनात कायमचा बसला.

स्पेनमधल्या सेव्हिलने हाच धडा २००६-०७ च्या सुमारास गिरवला. हे काही सायकलींचे शहर नव्हते. उन्हाळा तिथेही कडक. त्यांनी वर्षाला पाच-सहा किलोमीटर असे हप्ते पाडले नाहीत. सुमारे ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले मार्ग एकाच झपाट्यात केले. जिथे सायकल औषधालाही सापडत नव्हती, तिथे काही वर्षांत ती रोजच्या रहदारीचा भाग झाली. उन्हाचे कारण पुढे करणाऱ्यांनी सेव्हिलचे नाव लक्षात ठेवावे.

वाट देवळादेवळाने जाते

आता कोणी म्हणेल, महापालिका सांधे जोडील तेव्हा जोडील. आम्ही आज काय करायचे? याचे उत्तर मला आमच्या वॉचमनने दिले. ‘एवढ्या गर्दीतून तू रोज येतोस तरी कसा?’ असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘साहेब, मोठा रस्ता आपला नाही. आपला रस्ता देवळादेवळानं जातो.’

त्याच्या वाटेने मी एका रविवारी सकाळी वही घेऊन गेलो. ती वाट अशी: सातारा रस्त्याचा पट्टा सोडल्यावर स्वारगेटचा चौक उतरून, ढकलत पार करायचा. सारसबागेच्या बाजूने येऊन टिळक रस्ता ओलांडायचा. तिथून भिकारदास मारुती, मग नागनाथ पार, मग पेरू गेट. पुढे लक्ष्मी रस्ता आडवा येतो. तो ओलांडून नारायण पेठेत मोदी गणपती. तिथून झेड ब्रिज, म्हणजे काकासाहेब गाडगीळ पूल. त्यावर फक्त दुचाक्या जातात, त्यामुळे मोटारी आणि बस यांचा धाक नाही. पूल उतरला की डेक्कन, आणि डेक्कनची गर्दी संपली की प्रभात रस्त्याच्या शांत गल्ल्या. जंगली महाराज रस्त्याचा पट्टा आणि सातारा रस्त्याचा पट्टा हे दोन अनोळखी तुकडे या वाटेने एकमेकांना भेटतात. शहराने न बांधलेला सांधा एका माणसाने दोन पावसाळ्यांत, चुकत-माकत, स्वतः शोधून काढला होता.

या वाटेवर खरोखर वाईट जागा तीनच: स्वारगेट, टिळक रस्ता आणि डेक्कन. तिन्ही मिळून एक किलोमीटरही होत नाही. म्हणजे बाकीचे सगळे अंतर आजही, एक वीटही न हलवता, चालण्यासारखे आहे.

तेव्हापासून मला या वाटा शोधण्याचा नादच लागला. रविवारची शब्दकोडी सोडवण्यापेक्षा हे कोडे मला अधिक आवडते. वाचकांपैकी कोणाला आपल्या भागात हा उद्योग करायचा असेल, तर चार गोष्टी सांगतो.

पहिली, सुरुवात मार्गापासून न करता अडथळ्यापासून करा. नदी, रेल्वेचे रूळ, लष्कराची हद्द, कालवा, टेकडी. यांना ओलांडायच्या जागा मोजक्याच असतात, आणि तुमची वाट त्यांतल्या एकीवरून जाणारच. पूल कोणता, भुयारी रस्ता कोणता, हे ठरले की मधल्या गल्ल्या आपोआप सुचतात. पुण्यात मुळा-मुठेवरचा पूल निवडणे म्हणजे निम्मी वाट निवडणे.

दुसरी, वाट आधी पायी चालून पाहा. फोनमधला नकाशा मोटारीच्या नजरेने शहर पाहतो. दोन इमारतींमधून जाणारा बोळ, शाळेमागचे फाटक, तीन पायऱ्यांची उतरण हे त्याला दिसत नाही. उलट नकाशावर सलग दिसणारी गल्ली प्रत्यक्षात भिंतीला जाऊन थडकते. सकाळी आठला जी वाट निवांत असते, ती संध्याकाळी सातला भाजीच्या गाड्यांनी भरलेली असते. पेठांतल्या वाटा तर गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मांडवांच्या ताब्यात जातात. तेव्हा पर्यायी वाट वहीत हवीच.

तिसरी, जायची वाट आणि यायची वाट वेगळ्या धरा. एकेरी रस्त्यांच्या शहरात हे अटळ आहे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही एकेरी जोडी तर सर्वांच्या परिचयाची आहे. पुण्याचे रस्ते सपाट वाटतात, पण मुठेकडे जाताना उतार असतो, तो परतताना चढ होतो. ते भान सायकलवरच येते.

चौथी, उतरायला लाजू नका. चौकात सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला कोणी भित्रा म्हणत नाही, आणि म्हटले तरी काय बिघडले? दीडशे पावले ढकलण्याने जर तीन किलोमीटर सुटे होत असतील, तर तो सौदा फायद्याचा आहे. बँकेतल्या माणसाचा हा सल्ला समजा.

ही वाट वहीत राहून मात्र उपयोगाची नाही. दुसऱ्याला सांगता आली पाहिजे. या बाबतीत बेल्जियममधली एक हकीकत मला फार आवडते. हुगो बोलेन नावाचा तिथला एक अभियंता लिम्बुर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला. जमिनीखालच्या बोगद्यांत वाट चुकू नये म्हणून तिथे प्रत्येक तिठ्याला आकडा दिलेला असे. खाणी बंद पडल्या. बोलेनच्या मनात आले की, हेच आकडे जमिनीवर आणले तर? १९९५ साली लिम्बुर्गमध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर आकड्याची छोटी पाटी लागली. सायकलस्वाराने घरून चिठ्ठीवर लिहून न्यायचे: ७२, ७४, ५१, ९६. पुढचा आकडा जिकडे दाखवला असेल तिकडे वळायचे. आधीपासून असलेल्या शेतातल्या, गावातल्या, कालव्याकाठच्या वाटा नुसत्या पाट्यांनी एकमेकींना जोडल्या गेल्या. ही पद्धत पुढे फ्लँडर्सभर आणि हॉलंडभर पसरली.

आपल्याला तर आकडे द्यायचीही गरज नाही. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना ते आधीच आहेत. आणि पेठांत प्रत्येक वळणावर कोणीतरी उभा आहेच: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, मोदी गणपती, गुपचूप गणपती, चिमण्या गणपती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. जगातल्या कोणत्याही सायकलजाळ्याला इतक्या लक्षात राहणाऱ्या खुणा मिळाल्या नसतील. हातभर उंचीची एक पाटी, तिच्यावर सायकलचे चित्र, ‘नागनाथ पार, ४ मिनिटे’ आणि एक बाण. याला काही कोटींची निविदा लागत नाही.

‘पण चालवतो कोण?’

या सगळ्यावर ठरलेला आक्षेप असतो: ‘हे सगळे ठीक, पण आता पुण्यात सायकल चालवतो कोण? असलेले मार्गही मोकळेच तर पडलेत.’ मोकळे पडलेत असे नाही. त्यांवर स्कूटरी उभ्या आहेत, टपऱ्या आहेत आणि विजेच्या खात्याचे लोखंडी डबे आहेत. पण आक्षेपाचा गाभा खरा आहे. तिथे सायकली थोड्याच दिसतात.

त्याचे उत्तर मला पुन्हा बँकेतच सापडते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढच्या काळात खेडोपाडी शाखा निघाल्या. ‘तिथे खातेदार किती आहेत?’ असे विचारत बसलो असतो, तर एकही शाखा निघाली नसती. खाती नव्हती, कारण शाखा नव्हती. आणि शाखा निघूनही जर ड्राफ्ट वटला नसता, मनीऑर्डरपेक्षा सोपे काही झाले नसते, तर त्या शाखेत कोणी पाऊल ठेवले नसते. शाखा एकमेकींशी जोडलेल्या होत्या म्हणून ती बँक होती. नाहीतर गावोगावच्या तिजोऱ्या झाल्या असत्या, एवढेच. ज्या मार्गाच्या दोन्ही टोकांना डोह आहे, तो रिकामा राहणार नाही तर काय? रिकामा मार्ग हा सायकल नको असल्याचा पुरावा नव्हे. तो सांधा नसल्याचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: रस्ते अरुंद आहेत, जागा आणायची कुठून? मुख्य रस्त्यांवर हा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. तिथे मोटारीची किंवा पार्किंगची जागा कमी केल्याशिवाय सायकलला जागा मिळणार नाही आणि त्याला धैर्य लागते. पण सांध्यांचे काम बहुतेक ठिकाणी याहून स्वस्त आहे. दुभाजकात सायकल जाईल एवढी फट. पायऱ्यांच्या कडेने चाक चढवायला एक पन्हळ. सिग्नलला पादचाऱ्यांबरोबर सायकलचे दहा सेकंद. बंद फाटक असेल तर त्याची किल्ली. अंधाऱ्या बोळात एक दिवा. बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी इथल्या कितीतरी शहरांत अरुंद एकेरी गल्लीच्या पाटीखाली दुसरी छोटी पाटी असते: ‘सायकली वगळून’. एवढ्या दोन शब्दांनी तिथे वाट अर्ध्यावर येते. आपल्या पेठांतल्या निवडक, मंद रहदारीच्या बोळांत हा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

म्हणून माझे मागणे मोठे नाही. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ‘यंदा इतके किलोमीटर’ असे जाहीर करतात, त्याच्या आधी एक वेगळी यादी वाचली जावी: निखळलेल्या सांध्यांची. कोणता तुकडा कुठे संपतो, पुढचा कुठे सुरू होतो, मध्ये किती मीटर, अडथळा कोणता, आणि तो कोणाच्या खात्यात. हे शेवटचे फार महत्त्वाचे, कारण सांधा हा नेहमी दोन खात्यांच्या, दोन प्रभागांच्या, कधी दोन महापालिकांच्या किंवा कँटोन्मेंटच्या हद्दीवर असतो, आणि हद्दीवरचे काम दोघांचेही नसते. वर्षाला पन्नास सांधे जोडायचे ठरवले आणि एक नवा किलोमीटर बांधला नाही, तरी चालेल. त्या यादीखाली एकाच अधिकाऱ्याची सही असावी, म्हणजे वर्षअखेरीला ‘उचंत किती?’ हे विचारता येईल.

ही यादी करायला आपण अडून बसण्याचे कारण नाही. ज्यांना संगणक येतो त्यांच्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कोणालाही भर घालता येईल असा नकाशा आहे; आपला बोळ, आपले फाटक, आपल्या पायऱ्या त्यात टिपता येतात. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी शंभर पानी वही आहे. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी नववीच्या वर्गाला ‘घर ते शाळा, सायकलची वाट’ हा एक प्रकल्प दिला, तर त्या चाळीस नकाशांत त्या भागाचे बहुतेक सगळे सांधे येतील. आणि दूधवाले, पेपर टाकणारी मुले, वॉचमन यांना विचारायला विसरू नका. या शहराचा सायकलचा नकाशा त्यांच्या पायांत आहे. तो कोणी कागदावर उतरवला नाही, इतकेच.

आमच्या मजल्यावरची ती मुलगी दोन रविवार माझ्याबरोबर ही वाट हिंडली. पत्र्या मारुतीला पत्रा का, हे तिने मला विचारले आणि डेक्कनला उतरून चालायचे तिने कबूल केले. आता शनिवारच्या सकाळच्या शाळेला ती सायकलने जाते. बाकीचे पाच दिवस आई सोडते, कारण दुपारच्या शाळेच्या वेळी डेक्कनची ती चारशे पावले अजून तशीच आहेत. आठवड्यातून एक दिवस तिने मिळवला आहे. उरलेले पाच तिला मिळवून देणे तिच्या हातात नाही. ते शहराचे काम आहे, आणि त्याला ८२४ किलोमीटर लागत नाहीत.